सोमवारचा रांधपाचा वर्ग

गोदूबाईला त्या रांधपाच्या वर्गातून काय मिळणार होतं, ते आधीच सांगितलेलं बरं. दर सोमवारी ओलं खोबरं सढळ हाताने घातलेलं एक जेवण. चौदा पोरांच्या तोंडून ‘आजी’. चुलीजवळ पाठ टेकायला भिंत. आणि चौथी गोष्ट, जी ती स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोलत नसे: आपल्याला दिसेनासं झालंय, हे गावाला कळणं लांबणीवर पडणार होतं.

घरात ते लपलं नव्हतं. एकदा आमटीत मिठाच्या जागी सोडा पडला. पुतण्याची बायको सुगंधा भांडली नाही. भांडली असती तर परवडलं असतं. ती गोड आवाजात म्हणाली, “काकी, आता तुमी बसान खावा. चुलीकडे येव नको.” चाळीस वर्षं पार आचरा गावापर्यंतच्या लग्नांत रांधलेल्या बाईच्या वाट्याला तेव्हापासून ओटीचा कोपरा आला, आणि पेजेचा एक वाडगा.

एकोणसाठ साली ग्रामसेविका बाई गावात आल्या. कराडकडच्या, नोकरी नवी, उत्साह त्याहून नवा. शाळेच्या पडवीत वर्ग भरवायचा, म्हाताऱ्यांनी मुलांना जुने पदार्थ शिकवायचे, मग सगळ्यांनी एका पंगतीला बसायचं, अशी योजना. पहिल्या सोमवारी नऊ म्हाताऱ्या आल्या, तिसऱ्या सोमवारी चार. ज्यांना घरी चूल होती त्यांना दुसऱ्याच्या चुलीचं कौतुक किती दिवस राहणार? गोदूबाईचा मात्र एकही सोमवार चुकला नाही.

ती कानाने आणि नाकाने शिकवायची. “मोहरी गप झाली, आता कांदो घाल,” म्हणायची. खोबरं लाल झालं की वासावरून हात वर करायची. पोरं थक्क व्हायची. बाई अहवालात लिहायच्या, ‘शिकवणाऱ्या वृद्धा अनुभवी व सक्षम. स्वतः खात्री केली.’

खात्री एकाच व्यक्तीने केली होती, ती म्हणजे अकरा वर्षांची जानकी. तिने पहिल्याच महिन्यात ओळखलं. ओळखून बोलली काही नाही; भांडी हळूच म्हातारीच्या हाताशी सरकवायला लागली. गोदूबाईला कळलं की हिला कळलंय. तिनेही तोंड उघडलं नाही, पण दर वेळी जानकीला आपल्या शेजारची जागा दिली. असा सौदा न बोलताच पक्का होतो.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी पोरांनी अळूच्या पानातून अळंबी आणली. जानकी पुढे, आणि तिच्या मागे मासेवाल्या काशीबाईची सात वर्षांची बाबली, पान सांभाळत.

“खंय गावली गो?” गोदूबाईने विचारलं.

“रोयणीकडे,” बाबली म्हणाली. “ह्या एवढी आसत अजून.”

रोयण म्हणजे वारूळ. वारुळावरच्या खाण्याच्या अळंब्याला खाली लांब मूळ असतं. ते बोटांना कळतं, डोळे लागत नाहीत. गोदूबाईने देठ चाचपले. पोरांनी सगळी जमिनीच्या वरून मोडून आणली होती.

राहिली दुसरी पारख. अळंबं उलटं करायचं. पोटाखालच्या चुण्या पांढऱ्या किंवा गुलाबट असल्या तर चुलीवर, हिरवट असल्या तर उकिरड्यावर. गोदूबाईने एकेक उलटं करून डोळ्यांपुढे धरलं, मान डोलावली. वास चांगला होता.

जानकी कानाशी वाकली. “गे आजी, हेंच्या पोटाखाली हिरवट दिसता.”

बाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. ‘तूच नीट बघ’ एवढे तीन शब्द म्हटले असते तर झालं असतं. पण तीन शब्दांनंतर ओटीचा कोपरा होता, तो कायमचा.

“शेवाळ तां,” गोदूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “पावसाच्या दिवसात धरता. फडक्यान पूस आणि काप.”

जानकीने पुसलं. मग कापलं.

गोदूबाईचा श्रावणी सोमवार, म्हणून तिने चव घेतली नाही. तिचा वाटा संध्याकाळी उपास सोडायला झाकून ठेवला. पोरं पंगतीला बसली. बाबलीने दोनदा मागून घेतलं. दिवे लागायच्या आत वाडीत घराघरांतून ओकाऱ्या सुरू झाल्या. बाईही आडव्या पडल्या. सहा पोरांना बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. पाच परत आली. बाबली मंगळवारी दुपारी गेली.

चौकशीला तालुक्याहून कारकून आला. पडवीत टेबल मांडलं. काशीबाई खांबाला टेकून उभी, डोळे कोरडे.

“अळंबी कोणी आणली?”

“मी,” जानकी म्हणाली. “पण आजीन पारखल्यान. तिका दिसना नाय. मी सांगलंय तिका, हिरवी आसत म्हणान.”

कारकुनाने बाईंकडे पाहिलं. बाईंना तो अहवाल आठवला असणार, ‘स्वतः खात्री केली’ या शब्दांसकट.

“आजींना चांगलं दिसतं, साहेब,” बाई म्हणाल्या.

“आजी, मुलीने तुम्हाला सांगितलं होतं?”

जानकी कुठे उभी आहे हे गोदूबाईला तिच्या श्वासावरून समजत होतं. सरकारी माणसाशी बोलायची मराठी तिने जमवली. “नाही, साहेब. माझ्या नजरेखालून गेली ती चांगली होती. पोरीनं मागाहून आणखी घातली असतील.”

काशीबाई खांबापासून सुटून आली आणि तिने जानकीच्या तोंडात मारली. कोणी अडवलं नाही. कारकुनाने लिहिलं, ‘अजाण मुलीची चूक’, आणि वर्ग बंद करण्याचा शेरा मारला.

बाईंनी कसालला बदली मागून घेतली; तिथेही त्या चांगलं काम करतात असं ऐकू आलं. गोदूबाईचा सोमवार बुडाला, पण कागदावर तिची नजर शाबूत राहिली, आणि सुगंधाला चारचौघांत तिला आंधळी म्हणता येईना. जानकीला शाळेत पाण्याच्या हंड्याला कोणी हात लावू देईना. मार्गशीर्षात बापाने शाळा सोडवली आणि तिला शिरोड्याला मावशीकडे ठेवलं. घासायची भांडी मावशी मागल्या दारी आणून देई. रांधायच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून झालं होतं. ज्या दोघींनी खोटं सांगितलं, त्यांचं फारसं काही गेलं नाही. बाबली जिवानिशी गेली, काशीबाईची एकुलती एक गेली, आणि उरलेलं सगळं, दर दिवशी थोडं थोडं, जानकीने भरलं.