विसावा विद्यार्थी

तळेगावजवळच्या एका खेड्यात रूपाली मॅडम जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होत्या. पटावर वीस मुलं. एकोणीस रोज यायची. विसावा रजत, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष राकेश यांचा मुलगा, पिवळ्या व्हॅनमधून तळेगावच्या इंग्रजी शाळेत जायचा. मुलाचं नाव पटावर नसेल तर बापाला अध्यक्ष राहता येत नाही, म्हणून ते नाव इथे ठेवलं होतं. हेडमास्तर हरिदास सरांचंही त्यात भागत होतं, कारण पट विसाच्या खाली गेला की दुसऱ्या शिक्षकाचं पद जाणार होतं.

ऑगस्टमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती ऑनलाइन भरायची होती. प्रवर्ग, पालकांचा व्यवसाय, शिक्षण.

"मागच्या वर्षीचंच टाका," सर म्हणाले. "सारे मजूरच तर हायेत."

गावाची गरिबी खुर्चीतून न उठता सरकारला कळवण्यात सरांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. मॅडम मात्र यादी घेऊन घरोघर गेल्या.

चौथीतल्या अंकिताची आई भागीरथा शेतातल्या निंदणावरून नुकतीच आली होती. व्यवसाय विचारल्यावर म्हणाली, "लिवा, मजुरी. पण मॅडम, अंकिताले भागाकार येत नाई अजून. ते कुठं लिवता?"

त्यासाठी रकानाच नव्हता.

राकेशच्या अंगणात नवी कोरी चारचाकी उभी होती. तो खाटेवर लोळत मोबाइल पाहत होता.

"माह्यापुढंही मजूरच लिहा," तो हसला. "सरकार काय पाहाले येऊन राह्यलं?"

"रजत शाळेत काऊन येत नाई, भाऊ?"

"तिथं कोणाचे पोट्टे हायेत, तुम्हाले मालूम नाई का? त्यांच्यात बसून माहा पोरगा काय शिकन?"

"मग त्या पोट्ट्यांच्या समितीचे अध्यक्ष तुम्ही कसे?"

"कोणी तरी शिकलेलं पाह्यजे ना!"

हा शिकलेला माणूस दहावीला तीनदा बसला होता. मॅडमना राग आला नाही, किळस आली. त्या शाळेत परतल्या आणि रजतच्या नावापुढे 'शाळा सोडली' असं भरून टाकलं.

सर खुर्चीतून ताडकन उठले. "अहो मॅडम, तुमचंच पद जाईन!"

"मग काय, न येणाऱ्या पोराच्या नावावर पगार घेऊ?"

महिन्याभरात अध्यक्षपद रिकामं झालं. पालकांनी भागीरथाला अध्यक्ष केलं. पहिल्याच सभेत तिने मुलींच्या संडासाला दार काऊन नाई म्हणून सरांना उभं केलं, आणि आठ दिवसांत दार बसलं. पट एकोणीसवर आल्याने मॅडम मात्र अतिरिक्त शिक्षक ठरल्या. त्यांची बदली सिंदीकडे झाली.

निरोपाच्या दिवशी सरांनी कोणाला विचारलं कोण जाणे, पण पाहुणा म्हणून राकेशच आला होता, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. "गोरगरिबांच्या लेकरांसाठी," त्याने सुरुवात केली, आणि गळा दाटून आल्यासारखा थांबला. त्याला हे असलं रडं कुठून जमत होतं, देव जाणे. सरांनी तर चष्मा पुसला.

मॅडम उठल्या. भाषण चालू असतानाच अंकिताजवळ सतरंजीवर जाऊन बसल्या आणि पाटीवर नवा भागाकार मांडला.

"तू सोडव," त्या म्हणाल्या. "तिकडं पाहू नको."