गुळव्याचं नाक

हरिबानं हात वर केला तसे चौघे पुढं झाले. रसाच्या भल्यामोठ्या काहिलीच्या कड्यांत दांडे अडकवून त्यांनी ती चुलवाणावरून ओढली आणि कढता पाक शेजारच्या उथळ वाफ्यात ओतला. एरवी पाक पसरला की हरिबा कमरेवर हात ठेवून एक पाऊल मागं सरायचा, घरच्या कार्यात अक्षता पडल्यावर यजमान सरतो तसा. आज तो सरला नाही. वाफ्यातला पाक पिवळाधमक दिसायला हवा होता. तो काळपट होता आणि कडेनं चिकटायला लागला होता.

जाळ घालणारा नानासो पुढच्या जाळासाठी उचललेला उसाच्या चिपाडांचा कवळा छातीशी धरून उभा राहिला. काहील ढवळायचं लांब दांड्याचं फावडं महेंद्रनं परत हातात घेतलं होतं, तो त्याच्या पात्याकडं बघत होता. उरलेले दोघे गडी वाफ्याकडं बघत होते. हरिबाकडं कुणीच बघत नव्हतं.

“करपलं,” शेवटी हरिबा स्वतःच म्हणाला.

गुऱ्हाळाचा मालक राजवर्धन फोनवर बोलत आला, वाफ्यात डोकावला आणि त्यानं फोन खिशात टाकला. त्याच्या बापाच्या काळात असं झालं असतं तर शिव्यांनी शेड दणाणलं असतं. राजवर्धन शेतकी कॉलेजात शिकलेला, तिशीच्या आतला. तो एवढंच म्हणाला, “असू दे तात्या, होतंय कधी कधी. दुसरं आधण लावा.” आणि ट्रॅक्टरकडं निघून गेला. हरिबाला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हे मऊ बोलणं त्याला जास्त लागलं.

शिराळ्याच्या पुढं, वारणेच्या अंगाला हे गुऱ्हाळ. हरिबा एकतीस वर्षं इथला गुळव्या. गुऱ्हाळात ऊस मालकाचा, घाम गड्यांचा, पण गूळ होतो तो गुळव्याच्या शब्दानं. काहील नेमकी कधी उतरवायची, हा सगळा खेळ काही क्षणांचा. आधी उतरवली तर गूळ बसत नाही, मागाहून उतरवली तर करपतो. बाकीचे गुळवे पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी होते का बघतात. हरिबानं ते कधी केलं नाही. पाक तयार झाला की त्याचा एक वास सुटतो, आणि तो वास हरिबाच्या नाकाला सगळ्यांच्या आधी कळायचा. कऱ्हाडाकडचे गुळवे ते बघायला यायचे. पाण्यात गोळ्या करत बसणं हे नवशिक्याचं काम, असं तो त्यांच्या तोंडावर म्हणायचा, आणि तेही हसून मान हलवायचे.

त्या नाकाला गेली दोन वर्षं कसलाही वास येत नव्हता.

मोठ्या साथीत आठ दिवस ताप आला होता, त्यात वास गेला. येईल परत म्हणून त्यानं वाट बघितली. दिवाळीला उटण्याचा वास आला नाही, तेव्हा त्यानं वाट बघणं सोडलं. घरी बायकोला, बनुबाईला, त्यानं सांगितलं नाही. तीस वर्षं ताटावर बसला की काही ना काही खोट काढणारा माणूस आता जे वाढेल ते निमूट खायचा आणि वर चांगलं झालंय म्हणायचा. बनुबाई शेजारणींना सांगायची की साठीला आल्यावर का होईना, माणूस सुधारला. एकदा आमटी खाली लागली होती. बनुबाईनं पुन्हा वाढू का विचारण्याआधीच हरिबानं वाटी पुढं केली. बनुबाई त्याच्याकडं जरा वेळ बघत राहिली, मग आमटी वाढून आत गेली.

पोरगा फौजेत, तिकडं जोधपूरला. फोनवर त्याला सांगावं असं दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा बोलणं पावसापाण्यावरच संपलं. गुऱ्हाळावर सांगायचा तर प्रश्नच नव्हता. नाक गेलेला गुळव्या म्हणजे कोण, हे हरिबाला ठाऊक होतं. तो कोपऱ्यात बसून विडी ओढणारा एक म्हातारा.

पहिला हंगाम त्यानं जीव मुठीत धरून काढला. पाकाच्या बुडबुड्यांवर डोळे लावायचे, कान लावायचे आणि मनाचा हिय्या करून हात वर करायचा. पण नवल असं की एकामागून एक आधण बरोबर उतरलं. एकही बिघडलं नाही. दुसऱ्या हंगामात भीती गेली आणि तिच्या जागी जुना ताठा आला, उलट चार बोटं वाढूनच आला. आपल्या हाताला सवयीनंच वेळ कळते, नाकाची गरजच काय, असं तो स्वतःला सांगायचा. दुसऱ्या कुणाला सांगता येत नव्हतं, म्हणून पुन्हा स्वतःलाच सांगायचा.

मागच्या महिन्यात राजवर्धननं त्याला सांगलीला एका दिवसाच्या शिबिराला धाडलं. हाताखाली माणसं असणाऱ्यांसाठी होतं ते. दूध डेअरीचे, पोल्ट्रीचे, कारखान्याचे मुकादम आले होते. शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला एक कागद दिला आणि विचारलं, तुमचं चुकलं तर तुम्हाला तसं सांगणारा माणूस कोण, त्याचं नाव लिहा. बहुतेकांनी बायको लिहिलं आणि हॉलभर हशा झाला. हरिबानंही बनुबाई लिहिलं. मग त्याच्या ध्यानात आलं की तिनं अलीकडं आपल्याला काहीच सांगितलेलं नाही. त्यानं ते नाव खोडलं. दुसरं सुचेना. बाईंनी कागद गोळा करायला हात पुढं केला तेव्हा त्यानं कागद घडी घालून खिशात टाकला, आणि परतीच्या एसटीत आष्टा गेलं, इस्लामपूर गेलं, पेठनाका आला, तरी त्याला नाव सुचलं नाही. घरी आल्यावर त्यानं शिबिरात मिळालेली पिशवी बनुबाईला बाजारासाठी दिली आणि विषय संपवला.

काल पुण्याहून दुकानवाले गुऱ्हाळ बघायला आले होते. त्यांच्यासमोर महेंद्र सहज म्हणाला, “तात्या, जाळ जरा कमी करूया का?” हरिबाचं डोकं फिरलं.

“हितं गुळव्या कोन हाय? इचारल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई.”

असलं बोलणं नवीन नव्हतं. अकरा वर्षांत महेंद्रनं ते शेकडो वेळा ऐकलं असेल. पण काल पाहुणे होते, राजवर्धन होता, आणि महेंद्र आता चाळिशीला टेकलेला, दहावीतल्या पोरीचा बाप होता. त्यानं मान खाली घातली आणि ढवळत राहिला. आज सकाळी पहिलंच आधण करपलं.

दुपारी गडी जेवायला पांगले तेव्हा हरिबा महेंद्रला शोधत गेला. तो चिपाडाच्या गंजीच्या सावलीला भाकरी सोडून बसला होता. हरिबा उभाच राहिला. येताना त्यानं मनात रागाची जुळवाजुळव केली होती, कारण रागाशिवाय दुसरं काही घेऊन त्या माणसाकडं जायची त्याला सवय नव्हती.

“तू काहिलीपाशी हुतास. वास आला न्हाई तुला?”

“आला की.”

“मग?”

महेंद्रनं तोंडातला घास संपवला. “इचारल्याबिगर बोलायचं न्हाई म्हनलासा काल.”

हरिबाला वाटलं, आता खरं भांडण होईल, आणि झालं तर बरंच. पण महेंद्रच्या आवाजात भांडण नव्हतं. तो भाकरीचा तुकडा मोडत होता.

“काल म्हनलो,” हरिबा म्हणाला. “आन् त्याच्या आधी? दोन हंगाम एक आधण गेलं न्हाई. तवा कोन बोलत हुतं?”

महेंद्रनं हातातला तुकडा फडक्यावर ठेवला. मग म्हणाला, “तवा बी बोलत नव्हतोच. वास सुटला की फावडं काहिलीच्या काठावर आपटत हुतो. दोनदा. ते ऐकलं की तुमचा हात वर जायचा. आज आपटलं न्हाई. माझं चुकलं, तात्या. काल लय लागलं हुतं मनाला.”

हरिबा खाली बसला. बसायचं त्यानं ठरवलं नव्हतं, पण बसला. फावड्याचा तो ठोका त्यानं रोज ऐकला होता. पात्याला लागलेला पाक झटकतोय, एवढंच त्याला वाटत आलं होतं. दोन हंगाम तो ज्याला आपला हात समजत होता, तो हा माणूस होता.

“अजून कुनाला ठावं हाय?”

“समद्यांस्नी.”

“कवापास्नं?”

“तुमी दुखन्यातनं उठून आलासा, त्याच दिवशी. तुमच्या मागं गोनपाट धुमसत हुतं. करपट वास समद्या शेडात भरला, आन् तुमी आपले बोलत उभं. नानासोनं पानी मारलं. तवाच कळलं.”

“मग सांगितलं का न्हाई रं कुनी?”

महेंद्रनं त्याच्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, टोमणा नव्हता, निव्वळ नवल होतं.

“तुमास्नी? कुनी सांगायचं, तात्या?”

एवढं बोलून त्यानं फडक्यात अर्धी भाकरी ठेवून ती हरिबाकडं सरकवली आणि पाणी प्यायला उठून गेला. हरिबा गंजीच्या सावलीत एकटा राहिला. त्याला बनुबाईचं ते आमटी वाढताना बघत राहणं आठवलं, आणि तिलाही ठाऊक होतं हे त्याला कळलं. चार गडी, मालक, बायको, सगळ्यांनी मिळून दोन वर्षं त्याला सांभाळलं होतं, आणि त्यांपैकी एकालाही त्याच्याशी बोलता आलं नव्हतं. तो एकटा होता, आणि तसा तो ताप यायच्या कितीतरी आधीपासून होता. भाकरीचा घास त्यानं खाल्ला, तो नुसताच कोरडा लागला.

दुपारचं आधण चढलं. रस उकळला, भेंडीचं पाणी टाकून वर आलेली मळी काढली, रसाचा पाक व्हायला लागला. राजवर्धन या खेपेला येऊन वाफ्याजवळ थांबला. सगळे नेहमीपेक्षा जरा जवळ उभे होते.

पाक दाटत चालला तसा हरिबा काहिलीकडं गेला. महेंद्र ढवळत होता. दोघांची नजरानजर झाली आणि महेंद्रनं फावडं जरा वर धरून दाखवलं. झालं गेलं विसरलो, आज आपटतो, एवढंच त्याला म्हणायचं होतं, ते हरिबाला समजलं. गप्प उभं राहायचं, ठोका ऐकायचा, हात वर करायचा. गूळ पिवळाधमक होईल, राजवर्धन खूश होईल, सगळे काल होते तसेच राहतील. तोही.

हरिबानं हात पुढं केला आणि महेंद्रच्या हातातून फावडं काढून घेतलं.

महेंद्र रिकाम्या हातानं बाजूला झाला. त्याला काय करावं कळेना. हरिबा स्वतः ढवळू लागला. हे काम त्यानं वीस वर्षांत केलं नव्हतं, दांडा तळव्याला लागत होता. पाक फसफसून वर येत होता, खाली बसत होता. बुडबुडे मोठे झाले. त्यातला कुठला काय सांगतोय, हे त्याला खरंच ओळखता येत नव्हतं, आणि ते त्यानं पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं. तो ऐकत राहिला. शेडमध्ये जाळाचा आवाज होता आणि पाकाचा होता, माणसाचा नव्हता. महेंद्र ओठ घट्ट मिटून काहिलीवर वाकला होता. एकतीस वर्षं या शेडला त्यानं जे शिकवलं होतं, ते त्याच्यासमोर उभं होतं, आणि पाक कुणासाठी थांबणार नव्हता.

“मला वास येत न्हाई,” हरिबा म्हणाला. चुलवाणाच्या तोंडाशी बसलेल्या नानासोला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. “दोन वरसं झाली. काय बी येत न्हाई.”

कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. राजवर्धननं खाली बघितलं. नानासोनं हातातलं चिपाड जाळात घातलं नाही, बाजूला ठेवलं. त्यांच्यापैकी एखाद्यानं तरी अरेरे म्हणावं, असं हरिबाला क्षणभर वाटून गेलं. मग तो महेंद्रकडं वळला.

“तूच सांग, महेंद्र. उतरायचं का?”

गड्यांनी दांडे उचलले होते, कारण हरिबाचा हात वर गेला किंवा तोंडून उतरायचं निघालं की दांडे उचलायचे हीच सवय. पण त्यांचे डोळे महेंद्रकडं होते. महेंद्र काहिलीवर वाकला, त्यानं डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेतला. हरिबा त्याचा चेहरा बघत होता. एके काळी आपला चेहराही असाच दिसत असेल, असं त्याच्या मनात आलं.

“न्हाई,” महेंद्र म्हणाला. आवाज कापरा होता, पण आला. “थांबा जरा, तात्या.”

“थांबतो,” हरिबा म्हणाला.