आप्पांचं स्टँड

लांब पट्टी खांद्यावर घेऊन वळताना मागचं टोक कुठे फिरतं याकडे लक्ष ठेवायचं, हे सूनबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. लग्न होऊन आली तेव्हापासून ती सासरच्या सुतारकामात होती. पलंग, बाकं, कपाटं जोडायचं काम तिचंच. पण त्या दुपारी ती घाईत होती. पलंगाची बाजूपट्टी उचलून ती वळली, मागचं टोक टेबलावरून सपकन फिरलं आणि काहीतरी जड फरशीवर आदळलं.

आप्पांचं ड्रिल स्टँड खाली आडवं पडलं होतं.

आप्पा म्हणजे तिचे सासरे. आयुष्यभर कारखान्यात लेथवर उभे राहिलेले. निवृत्त झाल्यावर ते घराच्या तळमजल्यावरच्या, दोन्ही मुलांनी चालवलेल्या या वर्कशॉपमध्ये येऊन बसले आणि तिथलेच झाले. ड्रिल हातात कितीही नेटाने धरलं तरी भोक जरासं तिरकं जातंच, आणि जमिनीला पक्क्या केलेल्या मोठ्या मशीनखाली पलंगाची लांबलचक पट्टी मावत नाही. म्हणून आप्पांनी उचलून कुठेही नेता येईल असं स्टँड स्वतः घडवलं होतं. खाली लोखंडी बैठक, तिच्यावर दोन उभे दांडे, आणि त्या दांड्यांवर वरखाली सरकणारी पकड. पकडीत ड्रिल अडकवायचं आणि मूठ खाली दाबायची. भोक सरळ.

सूनबाईने स्टँड उचललं. पकड वरखाली करून पाहिली. मध्येच जराशी अडखळल्यासारखी वाटली, पुन्हा केली तर सरळ सरकली. आजूबाजूला कुणी नव्हतं. 'काही झालेलं दिसत नाही,' असं तिने स्वतःला सांगितलं, पदराने धूळ पुसली आणि स्टँड होतं तिथे ठेवून दिलं. आप्पा वर झोपले होते. उठले की सांगू, असं तिला वाटलं. ते उठले तेव्हा ती पॉलिशमध्ये हात घालून बसली होती आणि मग ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी धाकटा दीर दुकानातून दोन स्टँडं घेऊन आला. पसंत पडलं तर ठेवायचं, नाहीतर परत करायचं, अशा बोलीवर.

"आप्पा, आज शर्यत!" त्याने आल्या आल्या जाहीर केलं. "तुमचं स्टँड आणि ही दोन. जिंकेल ते घरात राहणार."

"माझं कुठे जाणार? ते घरचंच आहे," आप्पा हसून म्हणाले. गेल्याच आठवड्यात त्यांनी ते पूर्ण खोलून, साफ करून, दांडे पुन्हा जुळवून ठेवलं होतं. डोळ्याच्या ऑपरेशननंतरचं त्यांचं ते पहिलंच बारीक काम. त्यामुळे ते खुशीत होते.

सूनबाईने टेबलावरच्या स्टँडकडे पाहिलं आणि नजर वळवली.

थोरला, म्हणजे तिचा नवरा, सागवानाचा जाड तुकडा घेऊन आला. तिन्ही स्टँडांनी त्यात भोकं पाडायची, प्रत्येक भोकात सरळ सळई घालायची आणि गुण्या लावून काटकोन बघायचा, असं ठरलं.

पहिलं म्हणजे नुसता पोलादी ठोकळा, त्यात वेगवेगळ्या मापांची भोकं. लाकडावर दाबून धरायचा आणि भोकातून ड्रिल घालायचं. सळई छान सरळ उभी राहिली, पण भुसा आत अडकून लाकूड करपल्याचा वास आला. "खोल भोकाला नको," थोरला म्हणाला. दुसरं आप्पांच्यासारखंच, दोन दांड्यांचं. तेही सरळ.

मग आप्पांनी आपलं स्टँड ठेवलं, मूठ दाबली, सळई घातली आणि गुण्या स्वतःच लावला. सळई आणि गुण्याच्या मध्ये वर उजेडाची रेघ दिसत होती. त्यांनी गुण्या काढून पुन्हा लावला. दुसरीकडे भोक पाडलं. रेघ तशीच.

"आप्पा, तुमचं स्टँड कलंडलंय की हो, थेट माझ्यासारखं!" धाकटा म्हणाला. तो रोजच असं काहीबाही बोलायचा. पण कुणी हसलं नाही.

आता. आता बोलायला हवं. सूनबाईने तोंड उघडलंसुद्धा. पण आप्पाच म्हणाले, "दांडे मीच जुळवले. गुण्या लावून जुळवले. मला तेव्हा सरळ दिसले." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे दिसतच नाहीये."

त्यांनी स्टँड उचलून फळीवर अगदी मागे सरकवलं आणि जिना चढून वर गेले.

त्यानंतर आप्पा खाली आले नाहीत. वर्कशॉपमधला त्यांचा अंगरखा खुंटीवर तसाच लटकत राहिला. सूनबाई चहा घेऊन वर जायची तेव्हा ते एक डोळा झाकून खिडकीची चौकट बघत असायचे, मग दुसरा झाकून. "ही चौकट सरळ आहे ना गं?" असं विचारायचे. "सरळ आहे आप्पा," असं सांगून ती कप ठेवायची आणि पळाल्यासारखी खाली यायची.

शेवटी तिने नवऱ्याला सांगितलं. थोरला रंधा मारत होता. तो थांबला.

"तू पाडलंस?"

"चुकून. आणि सांगायचं राहिलं."

तो बराच वेळ बोटाने रंध्याचं पातं चाचपत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "नको सांगूस."

"म्हणजे?"

"मध्यंतरी त्यांची बाही फिरत्या करवतीत जाता जाता राहिली, आठवतंय? मी तेव्हापासून धड श्वास घेतलेला नाही. इथे येऊ नका असं मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? आता आपणहून थांबलेत. थांबू दे."

सूनबाई पुन्हा कामाला लागली. तिला सर्वात लाज वाटली ती याची, की त्याचं बोलणं ऐकून तिला क्षणभर हलकं वाटलं होतं. गप्प राहायला एक चांगलं कारण मिळालं होतं.

पण ते कारण फार टिकलं नाही. आप्पांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं काढलं आणि सोबत तिलाच बोलावलं. डॉक्टरांनी तपासलं, अक्षरं वाचायला लावली आणि म्हणाले, "आजोबा, उत्तम. या वयात याहून चांगलं काय दिसणार?"

आप्पांचा चेहरा उजळेल असं सूनबाईला वाटलं होतं. तो उलट उतरला. बसस्टॉपच्या बाकावर बसल्यावर ते म्हणाले, "डोळे चांगले आहेत म्हणजे डोकंच गेलं. माझ्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी मापं चुकायला लागली, मग घराचा रस्ता. तू थोरल्याला सांगू नकोस एवढ्यात. घाबरेल."

सूनबाईला रडू फुटलं. रस्त्यावरची माणसं बघायला लागली.

"अगं, मी आहे अजून!" आप्पा गोंधळून म्हणाले.

"आप्पा, स्टँड माझ्या हातून पडलं होतं. आदल्या दिवशी. पट्टी लागली. तुम्ही बरोबरच जुळवलं होतं."

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. आधी त्यांच्या चेहऱ्यावर नुसता आनंद आला, लहान मुलासारखा. मग तो हळूहळू गेला.

"पडलं तर पडलं. वस्तू पडतात," ते म्हणाले. "पण मी खिडकीसमोर डोळे झाकून बसायचो आणि तू चहा ठेवून जायचीस. रोज."

तिने पदराने डोळे पुसले.

"थोरल्याला माहीत होतं?"

"नाही," ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं. बाप-लेकात कडवटपणा नको, एवढंच डोक्यात आलं होतं. शब्द तोंडातून गेला आणि एक ओझं उतरवताना आपण दुसरं उचललंय, हे तिच्या लक्षात आलं.

बस आली. आप्पा पुढे चढले आणि एकट्याच्या सीटवर जाऊन बसले.

घरी आल्यावर ते बाहेरच्या कपड्यांतच वर्कशॉपमध्ये शिरले. फळीवरून स्टँड काढलं, बैठकीवर मोजपट्टी आडवी धरली आणि म्हणाले, "हा बघा. कोपरा वाकलाय. दांडे ठीक आहेत." शिकंज्यात घट्ट धरून, हळूहळू ठोकून त्यांनी कोपरा सरळ केला. दोन्ही मुलगे काम सोडून बघत उभे होते. थोरल्याने बायकोकडे पाहिलं, तिने मान खाली घातली.

"आता घ्या पुन्हा परीक्षा," आप्पा म्हणाले.

या वेळी सळई आणि गुण्यामधून उजेड आला नाही. दुकानातलं दोन दांड्यांचं आणि आप्पांचं, दोन्ही सारखीच सरळ. धाकट्याने टाळ्या वाजवल्या. "घरचंच जिंकलं!"

"थांब. सपाट तुकड्यावर काय, कुणीही सरळ उभं राहील. पट्टीच्या कडेवर लाव."

पलंगाच्या पट्टीच्या अरुंद कडेवर, बरोबर मधोमध भोक पाडायचं होतं. दुकानातल्या स्टँडच्या बैठकीला खालून दोन खुंट्या होत्या. बैठक थोडी फिरवली की त्या पट्टीला दोन्हीकडून टेकायच्या आणि ड्रिल आपोआप मध्यावर यायचं. आप्पांच्या स्टँडला तसं काही नव्हतं. प्रत्येक वेळी आखायचं, बसवायचं, पुन्हा सरकवायचं. आप्पांनी दोन्हींनी करून पाहिलं. मग दुकानातलं स्टँड उलटं करून त्या खुंट्यांवरून बोट फिरवलं.

"हे मला सुचायला हवं होतं," ते म्हणाले. "हे ठेवा. पलंगाला हेच बरं. ठोकळा परत करून टाका."

हरल्याचं त्यांना काहीच वाटलेलं दिसलं नाही. ते अंगरखा घालायला वळले तेव्हा थोरला पुढे झाला.

"आप्पा, एक बोलायचंय. ड्रिल करा, आखणी करा, काय हवं ते करा. करवतीला तेवढा हात लावू नका. मला भीती वाटते."

आप्पांनी अंगरख्याची गुंडी लावली.

"नाही लावणार," ते म्हणाले. "हे इतकं सोपं होतं, तर आधी का नाही सांगितलंस?"

थोरला नजर चुकवून रंध्याकडे वळला. कानापर्यंत लाल झाला. आप्पांची नजर त्याच्यावरून सूनबाईकडे गेली, तिथे क्षणभर थांबली आणि ते कामाला लागले.

संध्याकाळी सगळे वर गेल्यावर ती भुसा झाडत मागे रेंगाळली. आप्पा ड्रिलचं पातं पुसत होते.

"आप्पा, बसस्टॉपवर मी तुम्हाला..."

"आज नको," ते म्हणाले. आवाज रागाचा नव्हता, दमलेला होता. "एका दिवसात एवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सांगितलं, थोरल्याला माहीत होतं म्हणून. नवरा काय म्हणाला होता तेही, आणि ते ऐकून आपल्याला बरं वाटलं होतं तेही. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "चल, पट्ट्या वाट बघतायत."

पट्ट्या झाल्या, पलंग गेले, नवीन काम आलं. आप्पा रोज खाली येत होते. धाकट्याशी वाद घालत होते, थोरल्याला टोमणे मारत होते. सूनबाईशी मात्र बरेच दिवस ते कामापुरतंच बोलत. तिनेही त्याहून जास्त मागितलं नाही.