हात जड नव्हता

मी एक शिलाई मशीन बोलतेय. पायाने चालवायची, काळी, खिडकीजवळ ठेवलेली. माझा जन्म गोधड्या शिवण्यात गेला.

गोधडी शिवणं सोपं नसतं. चार-चार पदर एकदम दातांखाली घ्यायचे. शिवाय प्रत्येक गोधडीमागे कापडाचं मूठभर तूस माझ्या पोटात जातं. माझ्या मालकिणीला हे ठाऊक होतं. एक गोधडी संपली की ती माझी दातांवरची पट्टी काढायची, ब्रशने दातांतला कचरा काढायची, नवी सुई लावायची. मग कुपीतून मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्यायची आणि चिंधीवर चार ओळी मारून जास्तीचं तेल टिपून घ्यायची.

सासू म्हणायची, "नवऱ्याकडे तरी बघतेस का एवढं?"

"तेही कुरकुरतात हो, पण त्यांना तेल घालायला भोकं कुठायत?"

नवरा वाईट नव्हता. फक्त आपल्याला सगळं येतं, असं त्याला वाटायचं. त्याने दुरुस्त केलेला मोरीतला नळ तेव्हापासून पान्यानेच उघडावा लागतो.

एका लॉजच्या मालकिणीने तिला बारा गोधड्या सांगितल्या. घराबाहेरचं तिचं पहिलंच काम. पहिली पसंत पडली तर पुढच्या अकरा. कापड घरात येऊन पडलं आणि ती दोन दिवस बहिणीकडे गेली.

तेवढ्यात नवऱ्याने मला उघडलं. तिला खूश करायचं होतं त्याला. कुपी रिकामी होती. तो स्वयंपाकघरातून खायचं तेल घेऊन आला आणि हात सैल सोडून ओतलं. मी ओरडणार कशी?

"तुझ्या मशीनला तेलपाणी करून ठेवलंय," तो म्हणाला. ती हरखून गेली. कुठलं तेल, हे विचारायचं तिला सुचलंच नाही.

सुरुवातीला मी लोण्यासारखी चालले. अर्धी गोधडी होईतो तेल चिकट होऊ लागलं, त्यात तूस बसलं. चाक जड झालं, टाके सुटू लागले, दोरा तुटू लागला. तिने ब्रश फिरवला, तीनदा सुई बदलली. काही उपयोग झाला नाही. उसवून, पुन्हा शिवून कशीबशी गोधडी पुरी केली.

लॉजची मालकीण गोधडी हातात घेऊन म्हणाली, "बाई, हात बसलेला नाही तुमचा. आणखी एक शिवून दाखवा, मग बघू."

घरी नवरा म्हणाला, "मी तर तेल घातलंय की. तुझाच हात जड पडतोय आताशा."

ती स्वतःची बोटं उघडून, मिटून बघत राहिली.

पुढे मेकॅनिक आला. त्याने माझं पोट उघडून बोट फिरवलं, वास घेतला. "साहेब, हे खायचं तेल आहे. तळण काढायचं होतं का हिच्यात?"

नवऱ्याचा चेहरा उतरला. "हळू बोला. ती आत आहे. तिला सांगू नका, उगाच मनाला लावून घेईल."

मेकॅनिकने मला रॉकेलने धुतलं, तूस खरवडून काढलं. ती चहा घेऊन आली. "काय झालं होतं हो भाऊ?"

त्याने आधी नवऱ्याकडे पाहिलं. "वय झालं वहिनी मशीनचं. होतं असं."

"मशीनचं काय, माणसाचंही होतं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी अकरा गोधड्यांचं कापड तिने लॉजवर परत पाठवलं. नवरा म्हणाला, "बरं झालं, दगदग वाचली."

आता माझं चाक बोटाने ढकललं तरी फिरतं. दातांत धाग्याचा कणही नाही. दर रविवारी नवरा येतो आणि बरोबर कुपीतलं, बरोबर तेल, एकेक थेंब घालतो. स्वयंपाकघराकडे बघतो. मग मला झाकून निघून जातो. ती माझ्यासमोर बसत नाही. शेजारीण उशीचा अभ्रा घेऊन आली, तरी माझी मालकीण म्हणाली, "माझा हात राहिला नाही हो आता."

वाचणाऱ्यांनो, तुमचा आवाज पोचत असेल तर त्या माणसाला माझा एवढा निरोप द्या: मला तेल पुरे झालं. आत जा आणि तिला सांगा.