पाहुण्यांसमोर बंद पडणारा ऑसिलोस्कोप

जवळा बाजारच्या कॉलेजातला चाळीस वर्षांपूर्वीचा, विजेची लहर पडद्यावर रेघेने दाखवणारा ऑसिलोस्कोप विद्यार्थ्यांसमोर दिवसभर चालतो, पाहुण्यांसमोर साधारण विसाव्या मिनिटाला बंद पडतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चालू असतो.

हे तीनदा घडल्यावर प्राचार्य उत्तमरावांनी दोन निष्कर्ष काढले. पहिला दिशेविषयी होता: कार्यालय अधीक्षक बंडोपंतांच्या सल्ल्याने दक्षिणमुखी टेबल पूर्वेकडे वळवण्यात आले. दुसरा प्रयोगशाळा परिचर धर्मसिंगविषयी होता. सोमवारी येणाऱ्या समितीच्या तपासणीत यंत्र बंद पडले, तर त्याच्या कंत्राटाला मुदतवाढ मिळणार नव्हती. टेबल वळवण्यापूर्वी काही मोजले गेले नव्हते. धर्मसिंगच्या बाबतीतही नाही.

नांदेडहून आलेल्या तंत्रज्ञाने यंत्र उघडून चार तास चालवले. दोष सापडेना, म्हणून त्याने पॉवर सप्लायमधले दोन ठणठणीत कपॅसिटर बदलले.

शनिवारी भौतिकशास्त्राच्या संपदा मॅडमनी मल्टिमीटर लावला. फ्यूज शाबूत, व्होल्टेज स्थिर. दोन तास झाले तरी पडद्यावरची हिरवी रेघ हलली नाही.

"तुमच्यासमोर न्हाई पडायचा तो, मॅडम," धर्मसिंग म्हणाला. "त्याला मोठा माणूस लागतो."

"बंडोपंत म्हणतात, तुमचा हात वाईट आहे."

"मंग रोज काहून चालतो? रोज बी हात माझाच हाय की."

त्या इमारतीत महिनाभरात ऐकू आलेला हा पहिला तर्कशुद्ध युक्तिवाद होता. मॅडम म्हणाल्या, "पाहुणे येतात त्या दिवशी जे जे करता, ते सगळं आत्ता करा. काही वगळू नका."

धर्मसिंगने टेबल पुसले, कपाटातून एक जाड लोकरी शाल काढली आणि यंत्रावर नीट पांघरली. पडदा आणि बटणे तेवढी उघडी राहिली.

"ही कुणाची?"

"सरांची, सत्काराची. म्हणले, पत्रा गंजला, पाहुण्यायला बरा दिसत न्हाई. पाहुणे गेले की घडी करून ठेवतो."

मॅडमनी घड्याळ लावले. एकोणिसाव्या मिनिटाला रेघ नाहीशी झाली. शाल काढल्यावर अर्ध्या तासाने परतली. पुन्हा शाल घातली. या वेळी एकविसावे मिनिट.

उत्तमरावांना बोलावण्यात आले.

"शालीनं कुठं यंत्र बंद पडतं? तीस वर्षांत मी शंभरेक शाली पांघरल्या असतील. मला काही झालं नाही."

"तुम्हाला मागं हवेची जाळी नाही, सर."

उत्तमरावांनी यंत्रावरची शाल काढून घेतली. "अहवालात शाल नको. 'बाह्य आवरण' असं लिहा."

मॅडमनी त्यांच्यासमोरच अहवाल लिहिला:

"कारण: प्राचार्यांच्या सत्काराच्या शालीने मागील जाळी झाकली जाते. हवा न मिळाल्याने पॉवर सप्लायचा ट्रान्सफॉर्मर तापतो आणि त्यावरील संरक्षक स्विच पुरवठा तोडतो. थंड झाल्यावर तो पुन्हा जोडतो. परिचर ही शाल प्राचार्यांच्या तोंडी आदेशावरून घालत असे. यंत्रात अथवा परिचरात अन्य दोष आढळला नाही."