मोहाच्या झाडावरचा बोर्ड

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा बोर्ड आहे. मुलचेऱ्याजवळच्या एका गावात, ग्रामपंचायतीसमोरच्या मोहाच्या झाडावर माझी जागा होती. दवाखान्याने मला रंगवून तिथे ठोकले. ‘बाळांना मोफत लस येथे मिळेल’ असे माझ्यावर लिहिले होते. बाया ते वाचून मूल कडेवर घेऊन यायच्या आणि लस खरोखर मिळायची. त्या झाडावर जे टांगलेले असेल ते सरकारचे, असे गाव मानू लागले.

पुढे दवाखाना नव्या इमारतीत गेला. मला कोणी काढले नाही. मी कित्येक पावसाळे भिजलो. मग हेमराज नावाच्या माणसाने समोरची खोली भाड्याने घेतली आणि मला रंगवायला दिले. पेंटरने आळसाने शेवटची ओळ जुनीच ठेवली. आता मी सांगू लागलो, ‘खराब सिबिल साफ करून येथे मिळेल.’ सिबिल म्हणजे कर्जाचे हप्ते वेळेवर फेडले की बुडवले याची नोंद; ती बघूनच बँक नवे कर्ज देते.

गावातल्या खुशालभाऊंच्या मुलीचा, नूतनचा, चंद्रपूरला नर्सिंगसाठी नंबर लागला होता. बँकेने शिक्षणाचे कर्ज नाकारले, कारण खुशालभाऊ मेहुण्याच्या मोटारसायकलच्या कर्जाला जामीन राहिले होते आणि मेहुण्याने हप्ते बुडवल्याने त्यांचेही सिबिल खराब झाले होते.

नूतन झाडाखाली वडिलांना समजावत होती, “बाबा, खरी नोंद कोणाले पुसता येत नाई. थकलेलं भरा लागते, मंग हळूहळू सुधरते.”

खुशालभाऊंनी माझ्याकडे बोट केले. “याच बोर्डाखाली तुले लस टोचली, बाई. यानं कधी खोटं सांगतलं काय?”

हप्ते फेडायला जमवलेले पैसे त्यांनी हेमराजला आगाऊ दिले. त्याने बँकेत तक्रार टाकली, की खुशालभाऊ जामीन राहिलेच नव्हते. जामिनाच्या कागदावरची सही त्यांचीच निघाली. तक्रार फेटाळली गेली. ते विचारायला आले, तर खोलीला कुलूप होते. त्याच आठवड्यात प्रवेशाची मुदत संपली.

नूतनने स्वतः खिळे उपसून मला खाली काढले. आता ती औषधाच्या दुकानात काम करते आणि मामाचे थकलेले हप्ते भरते.

मित्रांनो, आपल्या कर्जाचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात चूक असेल तर तक्रारही फुकट करता येते. जे खरे आहे, ते फेडूनच सुधारते. आणि काम संपलेला बोर्ड टांगलेला ठेवू नका.

मी आता नूतनच्या घरी कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे. वरचा रंग सुटून खालची ‘लस’ पुन्हा दिसू लागली आहे. खुशालभाऊ कोंबड्या कोंडायला येतात, तेव्हा माझ्याकडे बघत नाहीत.