रिमोटचं झबलं

कापसाला आवाज नसतो असं म्हणतात. पण मोठीमायच्या गुडघ्यावर त्याची वात वळली जाऊ लागली की एक अतिशय बारीक, कोरडी कुजबुज ऐकू येई, जणू पलीकडच्या खोलीत कुणी रेशमी पातळाची घडी मोडत आहे. मार्गशीर्षातलं ऊन देवळीच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिरपं उतरे, त्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत राहत, आणि त्यांच्या पलीकडे, लाकडी शटरच्या टीव्हीत, अवकाशयानं एकमेकांवर प्रकाशाच्या कांड्या फेकत असत. कितीतरी वर्षं मला तारे आणि तंतू वेगळे काढता आले नाहीत.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा कापसाच्या जिनात कामाला होते, ते लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. रोहण्याला, आमच्या गावी, घरातलं कुणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं. मी चौथी पास झालो तेव्हा ती येऊन वडिलांना म्हणाली, "हा माह्याजवळ राहीन," आणि मी एक पिशवी घेऊन देवळीला आलो. पाचवीपासून बी.एस्सी.पर्यंत तिच्या हातचं खाऊन शिकलो आणि सगळ्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती. माझं पदवीचं प्रमाणपत्र तिने चौकटीत घालून देवघरात बाळकृष्णाच्या शेजारी उभं केलं, आणि रोजच्या पूजेत कुंकवाचं एक बोट त्या चौकटीलाही लागू लागलं.

ती मालिका परदेशी होती, हिंदीत बोलायची आणि रविवारी सकाळी लागायची. तिला एक भारदस्त नाव होतं, पण आमच्या घरी ती 'विमानाची शिरेल' म्हणूनच नांदली. तीन ग्रह नष्ट झाले तरी ज्याचा भांग विस्कटत नसे तो यानाचा कप्तान म्हणजे मोठीमायचा 'ठाणेदार'. चाकांवर फिरणारा यंत्रमानव म्हणजे 'पेटी'. आणि एका लहानशा ग्रहाचं सगळं पाणी पळवू पाहणारा, सरड्याच्या कातडीचा सम्राट म्हणजे 'बेसनतोंड्या'. टीव्ही काळा-पांढरा होता, त्यामुळे सम्राटाचा रंग कोणता, हा आमच्या गल्लीत वादाचा विषय होता. हिरवा म्हणणारे होते, निळा म्हणणारे होते. मोठीमायने निकाल दिला.

"पिवळा हाये. भिजवलेल्या बेसनावानी. कावीळ झाली त्याले, म्हणून पाणी मांगून राह्यला."

यानंतर त्या सम्राटाचा राग राग करणं आम्हाला कधी जमलं नाही.

तिचे डोळे पडद्यावर असत आणि हात वातींवर. मी पदवीधर झालो तर देवळात लाख वाती लावीन, असा तिचा नेम होता, आणि त्यातल्या निम्म्या तरी तिने अवकाशात वळल्या. युद्ध पेटलं की वाती घाईघाईने, गाठाळ होत. ठाणेदार कैदेत पडला की लांब आणि बारीक. आणि पेटी काही विनोद करू लागली की हात थांबून, बोटाला दुधाचा थेंब लावून, ती पुन्हा नव्याने सुरुवात करी, कारण पेटीचे विनोद तिला मुळीच आवडत नसत. पुढे पदवी हाती आली त्या कार्तिकात तिने त्या वाती रोज थोड्या थोड्या करून लावल्या. काही भुरकन जळून जात, काही संथ तेवत राहत. आजूबाजूच्या बायका डोळे मिटून हात जोडत, आणि मी आपला मनात ओळखत बसे, की ही वात यान फुटलं तेव्हाची, ही तुरुंगातली.

मला वर्ध्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची नोकरी लागली. रोज देवळीहून बसने जाणं-येणं. चारेक वर्षांनी रंगीत टीव्ही आणि डीव्हीडीचं यंत्र घेतलं, आणि त्याच आठवड्यात नागपूरच्या एका दुकानात मला ती मालिका दिसली: तीच, पण नव्याने काढलेली, नव्या नटांची, सहा तबकड्यांचा संच. मी तो अक्षरशः छातीशी धरून बसमधून आणला.

नवी आवृत्ती म्हणजे काय, हे समजावणं मात्र अवघड गेलं.

"म्हणजे तेच लगन, पण नवरदेव दुसरा?" मोठीमायने विचारलं.

"हो. सगळं पहिल्यापासून. नव्या माणसांनी."

तिने पहिली दहा मिनिटं पाहिली. ठाणेदाराची दाढी वाढलेली, भांगाचा पत्ता नाही. यान काळोखं, भिंतींना ओल आल्यासारखी. माणसं एकमेकांवर खेकसणारी. आणि सम्राट? साध्या माणसाच्या चेहऱ्याचा, खिडकीशी उभा राहून उसासे टाकणारा.

"दुसरे काऊन? हे तेच लोक हायेत," ती म्हणाली. "दिवस वाईट आले त्यांचे." मग सम्राटाकडे जरा निरखून पाहून, समाधानाने, "कावीळ उतरली वाटते. बरा झाला म्हणा बिचारा."

पुढे मोठ्या समीक्षकांनी लिहिलेलंही मी वाचलं. पण त्या पुनर्निर्मितीचा याहून नेमका सारांश मला कुठे आढळला नाही.

यंत्र विकणाऱ्याने बजावलं होतं, की भलती बटणं दाबू नका, अडकून बसतं. मोठीमायने ते मंत्रासारखं मनावर घेतलं. जुन्या फुलाफुलांच्या पातळातून तिने रिमोटला एक झबलं शिवलं आणि त्याला सदऱ्याची काजं करावीत तशी तीन भोकं केली, कडेने टाके घालून: एक चालू करायला, एक थांबवायला, एक आवाजाला. बाकीची बटणं त्या फुलांखाली सुखरूप झोपून राहिली.

आणि मग माझी परीक्षा सुरू झाली, कारण ही नवी मालिका हिंदीत बोलत नव्हती. ती इंग्रजीत बोलत होती, आणि आमचा विलास ग्रॅजवेट हाये, त्याले इंग्रजी येते, तो सांगन, असं मोठीमायने साऱ्या गल्लीत सांगून ठेवलं होतं. मला इंग्रजी वाचता येई. रसायनांच्या बाटल्यांवरचं, क्रमिक पुस्तकांतलं, अर्जातलं, सगळं. पण हे लोक दातांतल्या दातांत बोलत, दारं आपटत बोलत, धुरात बोलत. शंभरातले पाच शब्द माझ्या हाती लागत आणि त्यातला एक हमखास 'वॉटर' असे. तरीही दर रविवारी दुपारी पाच-सहा बाया येऊन बसत, आणि माझी पदवी, देवघरातलं कुंकू लागलेली, दोन ते चार पणाला लागे. हरलो असतो तर माझं फार काही गेलं नसतं. पण मोठीमायने गल्लीभर दिलेला शब्द खोटा पडला असता, आणि ते मला नको होतं.

यात खरा धोका एकच होता. समोरच्या किराणा दुकानाच्या मालकीणबाई, सगळी गल्ली ज्यांना सेठाणीबाई म्हणे. त्यांची नजर तराजूच्या काट्याची होती.

एकदा ठाणेदार सलग दोन मिनिटं बोलला. मी म्हटलं, "तो म्हणतो, धोका आहे."

"काऊन सायेब," सेठाणीबाई म्हणाल्या, "त्यानं एवढं लंबं बोललं, अन् तुमचं दोन शब्दात झालं?"

"इंग्रजी पसरट असते बाई," मोठीमायने वात न थांबवता सांगितलं. "आपली बोली दाबून भरलेली असते."

तेवढ्यात ठाणेदार नुसता "नो" म्हणाला. मी मागची भरपाई करायला घेतली. "तो म्हणतो, माझ्या जिवात जीव आहे तोवर या ग्रहाच्या पाण्याचा एक थेंबही मी बाहेर जाऊ देणार नाही."

सेठाणीबाईंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "अन् हे कोणतं माप?"

"विलास," मोठीमाय म्हणाली, "घसा सुकला गा. पाणी आण."

तिचा घसा फार सुके. रविवारी दोन तासांत ती चार-पाच वेळा पाणी मागे, आणि एखादे वेळी फाटकाची कडी पाहून यायला सांगे, किंवा मांडीवर कापसाचा ढीग असताना आतून कापूस आणायला. मी माठातून गिलास भरून आणी तोवर पडद्यावर वेगळंच काही सुरू झालेलं असे, आणि माझा एक फेरा सुटे. पण मला काळजी वाटू लागली. एवढी तहान बरी नव्हे म्हणून मी तिला वर्ध्याला नेलं, तिने सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं, पुन्हा जेवल्यावर दिलं. साखर नव्हती. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे.

"मंग मी काय सांगून राह्यली?" बसमध्ये ती म्हणाली. "इंग्रजीनं घसा सुकते बापा."

मग सेठाणीबाईंची धाकटी सून माहेरपण आटोपून परत आली. ती नागपूरची, कॉन्व्हेंटात शिकलेली.

"येत्या रविवारी तिले आणतो," सेठाणीबाईंनी जाहीर केलं. "दोघं बी सांगजा. आम्हाले कळन तरी, कोण काय सांगून राह्यलं."

त्या आठवड्यात मी प्रयोगशाळेत दोन परीक्षानळ्या फोडल्या. शनिवारी रजा टाकून, मोठीमाय देवळात गेली असताना, चौथी तबकडी तीनदा ऐकली. पाणी, पाणी आणि पाणी.

रविवारी खोली भरली. सून मागे, दाराशी, पदर सावरून बसली. पडद्यावर ठाणेदार एका जुनाट अवकाशतळावर उतरला. तिथे एका झरोक्याशी एक म्हातारी बसली होती. तो तिच्यासमोर उभा राहिला, टोपी हातात घेऊन. दोघं खूप वेळ हलक्या आवाजात बोलली. मला एक शब्द कळला नाही. त्यात पाणीसुद्धा नव्हतं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. ही सम्राटाची हेर आहे, असं मी जुळवून ठेवलं होतं आणि तोंड उघडलंही होतं.

मोठीमायने पाणी मागितलं नाही. तिने वात खाली ठेवली. चालू तबकडीत तिचे हात थांबलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

"थांब गा," ती म्हणाली. "रोज तूच सांगते. आज मी सांगतो."

आणि पडद्याकडे बोट करून तिने सांगितलं, "थे त्याची माय नोहे. माय असती तर थो धावत जाऊन गळ्यात पडला असता. हा पाहा कसा उभा हाये. हिनं पोसलं त्याले. थे त्याच्या तोंडाकडे नाई पाहून राह्यली, मनगटाकडे पाहून राह्यली, बारीक झाला का म्हणून. अन् त्याले काही बोलायचं हाये, पण जमून नाई राह्यलं."

मी पायाच्या अंगठ्याने फरशीची रेघ खरवडत होतो.

"काऊन वं सूनबाई?" सेठाणीबाईंनी मागे वळून विचारलं.

सुनेने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मोठीमायकडे. "काकूंनी सांगितलं तेच आहे," ती म्हणाली. "अगदी तेच."

मी ती दया समजलो. परक्या घरच्या मुलीने माझी लाज राखली म्हणून पुढे कितीतरी दिवस तिच्यासमोरून जाताना मान खाली घालत असे.

त्यानंतर दुसऱ्या पौषात मोठीमाय गेली, भर दुपारी, मांडीवर कापूस असताना. टीव्हीजवळ तिचा वातींचा डबा तसाच राहिला, आणि झबल्यातला रिमोट.

यंदा सुट्टीत मी तो संच पुन्हा लावायला घेतला. रिमोटचे सेल संपले होते, म्हणून झबलं उतरवावं लागलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ती फुलांखाली झोपलेली बटणं पाहिली. एकावर 'सबटायटल' असं लिहिलेलं होतं. दाबलं. पडद्याच्या तळाशी पांढरी अक्षरं ओळीने उमटली, ताटात मांडलेल्या वातींसारखी, आणि मला ती सगळी वाचता येत होती.

मी सांगितलेल्या कथेतलं जवळजवळ काहीच खरं नव्हतं. ज्याला मी सम्राटाचा मेहुणा म्हणून आठ रविवार शिव्या खायला लावल्या, तो यानाचा आचारी निघाला. जो तह म्हणून सांगितला, ती अंत्ययात्रा होती. पण चौथ्या तबकडीवर ती म्हातारी आली, आणि तिच्या पायाशी पहिली ओळ उमटली: बारीक झालास, कोण जेवू घालतं तुला? तिथून पुढे सगळं मोठीमायने सांगितलं तसंच होतं. सून खरं बोलली होती.

मग मी संच पहिल्यापासून लावला, आणि तेव्हा मला दुसरी गोष्ट दिसली. जिथे जिथे बोलणं दाट होतं, यंत्रांचं, कायद्याचं, न्यायालयातलं, जिथे मी काही केल्या तरलो नसतो, तिथे तिथे माझ्या कानात तिचा आवाज येत होता. पाणी आण गा. कडी पाहून ये. कापूस आण. एकही जागा चुकलेली नव्हती. मला इंग्रजी कळत नाही हे तिला पहिल्या रविवारीच कळलं होतं, आणि तरी माझी पदवी ती गिलासागणिक वाचवत राहिली होती. रक्तसुद्धा दिलं, दोनदा, पण सांगितलं नाही. आणि मीही त्या ठाणेदारासारखा तिच्यासमोर जणू टोपी हातात घेऊन उभा राहिलो, कधी काही बोललो नाही.

आता झबलं पुन्हा चढवलं आहे. त्याला चौथं काज मी स्वतः केलं, जरा वाकडंच झालं. अक्षरं उमटतात, सगळं समजतं, विचारणारं कुणी नाही. तरी न्यायालयाचा प्रसंग सुरू झाला की मी सवयीने उठतो, माठातून गिलास भरतो, आणि परत येऊन पाहतो तोवर ते अवघड बोलणं आपोआप मागे पडलेलं असतं. पाणी हातात राहतं, आणि ते कुणाला द्यायचं, हे आठवायला मला प्रत्येक वेळी एक क्षण उशीर होतो.